उरलेला दाणा

"झालं का गं? की सगळंच काढून घेतेस?" ताईने विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिच्या दंडावरचा रबरी पट्टा मी सोडलाच नव्हता.

तिचं थायरॉईडचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. वॉर्डात नर्स मीच. कॅल्शियम तपासायला रक्त काढत होते; शीर सापडेना, त्यात ताईची बडबड. पट्टा चार-पाच मिनिटं आवळलेला राहिला. पट्टा फार वेळ राहिला की कॅल्शियम आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, हे नव्या मुलींना एकतीस वर्षं ओरडून सांगणारी मीच.

रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "उद्या घरी सोडू."

मी गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण डॉक्टरांना सांगून टाकलं आणि पुन्हा सुई घेऊन ताईकडे गेले.

"परत? लहानपणापासून माझंच रक्त पितेस तू."

"गप्प बस गं जरा."

या वेळी कॅल्शियम चांगलंच उतरलेलं निघालं. कॅल्शियम कमी असलं की दंड आवळल्यावर बोटं आखडतात; ते बघायला डॉक्टरांनी बी.पी.चा पट्टा तीन मिनिटं फुगवून ठेवला, तशी ताईची बोटं आपोआप आत वळली. ती घाबरली. मीही.

थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. ताईच्या तीन ऑपरेशनमध्ये थायरॉईडच्या गाठीबरोबर निघून गेल्या. उरलेली एक जागी झाली नाही, तर जन्मभर गोळ्या, हे मी ताईला सांगितलं.

सलाईनमधून कॅल्शियम सुरू झालं आणि मी त्या दाण्याचाच विचार करत राहिले. त्यातल्या पेशींना रक्तातलं कॅल्शियम कळतं. पुरेसं असेल तोवर त्या आपलं हार्मोन आत धरून ठेवतात. किंचित कमी झालं की लगेच सोडतात, आणि ते जाऊन हाडांकडून कॅल्शियम मागून आणतं. भरलं की पुन्हा हात आखडता. कुणी सांगायला नको, कुणी ओरडायला नको. मला तर एक पट्टा वेळेवर सोडता आला नव्हता. खरंच, हात जोडावेसे वाटले.

सहाव्या दिवशी हार्मोनचा रिपोर्ट आला. आकडा लहान, पण वाढलेला. सलाईन बंद होऊन दोन दिवस झाले होते आणि कॅल्शियम टिकून होतं.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, पट्टा फुगवून बघा."

मी घड्याळावरची नजर काढली नाही. तीन मिनिटं झाली. बोटं सरळ होती.

"एवढ्याशा दाण्याने केलं हे?" ताईने हळूच विचारलं.

"हो."

मी पट्टा सोडला. तरी ती तळहात तसाच उघडा धरून बघत बसली. मग मी माझा हात त्यावर ठेवला.