थॉर्सबी निवडून आले असते तर

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या आमच्या मिलब्रुक गावात लेलँड थॉर्सबी गेली चाळीस वर्षं राष्ट्राध्यक्ष आहेत. म्हणजे दर मंगळवारी दुपारी तीन ते साडेचार, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. बाकी देशाला याची खबर नाही, त्याला आमचा इलाज नाही.

हे सरकार चालवायचे ऑर्विल हॅस्केट, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. मी ग्रंथपाल, त्यामुळे खुर्च्या मांडण्याचं खातं माझ्याकडे. ऑर्विलचा सिद्धांत सोपा होता. चाळीस वर्षांपूर्वी, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पक्षात झालेल्या मतदानाच्या पहिल्याच फेरीत थॉर्सबी आमच्या परगण्यात अकरा मतांनी मागे पडले, कारण हिमवादळामुळे त्यांचे लोक घरीच बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माघार घेतली. बर्फ पडला नसता तर थॉर्सबी जिंकले असते, आमचा ट्रॅक्टरचा कारखाना चालू राहिला असता, रेल्वे गावात थांबली असती आणि टोमॅटोलासुद्धा आजच्यापेक्षा चव असती. या सगळ्यावर त्यांनी तीन जाडजूड वह्या भरल्या होत्या.

"बर्फ काय फक्त थॉर्सबीच्याच मतदारांवर पडला होता का रे?" त्यांची वर्गमैत्रीण व्हर्ना दर मंगळवारी विचारायची.

"तू शाळेत इतिहासात नापास झाली होतीस, व्हर्ना."

"आणि तू अजून होतोयस!"

ऑक्टोबरात एक वाकलेले म्हातारे गृहस्थ आले. नातीकडे राहायला आलोय म्हणाले, ॲपल पायचा तुकडा घेऊन मागच्या रांगेत बसले. ऑर्विल बोलता बोलता कारखान्यापर्यंत पोचले होते.

"थॉर्सबींनी तो बंद पडूच दिला नसता!"

"पण तो बंद करावा असं ते भाषणात म्हणाले होते," म्हातारे म्हणाले.

"ते वरवरचं हो. थॉर्सबींच्या मनात काय होतं ते मला विचारा."

"तेच विचारतोय. मला स्वतःला काही आठवत नाही."

व्हर्नाने चष्मा लावला, मान लांब केली. "अगंबाई! ऑर्विल, अरे हेच तुझे राष्ट्राध्यक्ष!"

ऑर्विलनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "थॉर्सबी उंच होते," ते संशयाने म्हणाले.

"होतो," थॉर्सबी म्हणाले. "आणि रागावू नका, पण त्या दिवशी हॉटेलच्या खिडकीत उभा राहून मी देवाला विनवत होतो, बर्फ थांबू देऊ नकोस. प्रचारात लोकांचे हात हातात घेऊन घेऊन मी विटलो होतो."

ऑर्विलनी वही मिटली. व्हर्नाने इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता. पण तिने ऑर्विलपुढे कॉफी ठेवली.

थॉर्सबींनाच अवघडल्यासारखं झालं. वहीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "यात व्हाइट हाउसमध्ये माझ्याबरोबर कोण आहे?"

"तुमच्या पत्नी. इंगाबाई."

"ती त्या बर्फानंतर दोन वर्षांनी गेली. आजार फार उशिरा कळला."

ऑर्विलनी वही उघडली. "माझ्या वहीत नाही गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत ओळखला. नववं प्रकरण."

"वाचा."

ऑर्विल वाचू लागले. इंगाबाईंनी हिरवळीवर गुलाब लावले, एका राजदूताला जेवणाच्या टेबलावरच झापलं, साठाव्या वर्षी चेलो शिकल्या आणि भयंकर वाजवू लागल्या. थॉर्सबी एकदा मोठ्याने हसले. मग रुमाल काढून म्हणाले, "पुन्हा वाचा. राजदूतापासून."

साडेपाच वाजले तरी मी दिवे मालवले नाहीत. ज्या वह्यांना ऑर्विल मलाही हात लावू देत नसत, त्यातलं नववं प्रकरण त्यांनी पट्टी धरून फाडलं आणि थॉर्सबींच्या हातात दिलं.

पुढच्या आठवड्यात वाचनालयाच्या पत्त्यावर लिफाफा आला. आत तीच पानं होती, कडेला लाल पेन्सिलीने दुरुस्त्या केलेली: इंगाला गुलाब आवडत नव्हते. वाटाण्याचे वेल लावले असते तिने. राजदूताला मात्र याहून जास्त झापलं असतं.