कापूसच्या कानामागची तीट

यशवंतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण शिक्का मारलेल्या कागदाशिवाय कशावरही विश्वास न ठेवण्याची त्यांची सवय काही निवृत्त झाली नाही. तीस वर्षं नवरा म्हणून सहन करते आहे, म्हणून सांगते.

आमचा मुलगा सार्थक कॅनडाला गेला आणि त्याचा समोयेड जातीचा कुत्रा चौबे कॉलोनीत आमच्या गळ्यात पडला. सार्थकने ठेवलेलं इंग्रजी नाव माझ्या तोंडी बसेना. आम्ही मूळचे यवतमाळचे. पांढरंशुभ्र काही दिसलं की आम्हाला एकच आठवतं. मी त्याला कापूस म्हणू लागले.

कॉलोनीने पहिल्या दिवसापासून त्याला नावं ठेवली. बर्फातला कुत्रा, एसीसमोर लोळतो, कोणावर भुंकत नाही, सिलिंडरवाल्याचेही हात चाटतो, मग कामाचा काय? हे ऐकून यशवंतरावांचं डोकं फिरायचं. जानेवारीत भनपुरीच्या पुढच्या मैदानावर कुत्र्यांचं प्रदर्शन आहे कळताच त्यांनी कापूसचं नाव नोंदवलं. तिथलं प्रमाणपत्र फाटकावर लावायचं आणि सगळ्यांची तोंडं बंद करायची, एवढंच त्यांना हवं होतं.

मग जातीच्या आदर्श लक्षणांचा कागद फ्रिजवर चिकटला. कान ताठ, टोकाला किंचित गोल. शेपूट पाठीवर वळलेली. डोळे बदामी, ओठांचे कोपरे हसल्यासारखे वर गेलेले. रंग पांढरा किंवा बिस्किटी. ते रोज चष्मा लावून कागद आणि कुत्रा ताडून पाहत. लग्न ठरताना मलासुद्धा इतकं निरखून पाहिलं नव्हतं. शेवटी स्वभाव लिहिला होता: सगळ्यांशी मनमिळाऊ, भित्रा नको, अंगावर येणारा तर नकोच. ते वाचून त्यांना भरून आलं. कॉलोनी ज्याला खोट म्हणत होती तो जातीचा गुण निघाला.

प्रदर्शनाच्या सकाळी न्हाऊन, विंचरून कापूस असा देखणा दिसत होता की माझीच दृष्ट लागेल असं वाटलं. एवढ्या लोकांची नजर त्याच्यावर पडणार. सार्थक लहान असताना तीट लावल्याशिवाय मी त्याला दाराबाहेर काढलं नव्हतं. यशवंतराव गाडी पुसायला गेले तेवढ्यात मी डबीतलं काजळ बोटावर घेतलं आणि कापूसच्या डाव्या कानामागे टेकवलं. त्यांना सांगितलं नाही. असल्या गोष्टींची ते टिंगल करतात.

मैदानावर कापूस छान चालला. कलकत्त्याहून आलेल्या परीक्षकांनी दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला. कापूसने त्यांचा हात चाटला तेव्हा ते हसले. यशवंतरावांनी चारचौघांत माझा हात धरला.

मग परीक्षकांनी डावा कान दुमडला आणि त्यांचं बोट काळं झालं. त्यांनी रुमालाने कानामागचं काजळ पुसून पाहिलं. नंतर एकेक पाय उचलला, तर मागच्या उजव्या पायाला आतून आणखी एक काळा ठिपका. केसांना कसलाही रंग लावलेला चालत नाही, असं त्यांनी हिंदीत शांतपणे सांगितलं आणि कापूस बाद झाला. हे कोणी लावलं, त्यांनी विचारलं.

मी तर एकच लावली होती. मी यशवंतरावांकडे पाहिलं. ते मांडवाच्या खांबावरची पाटी मन लावून वाचत होते. पाटीवर 'पार्किंग' एवढंच लिहिलं होतं.

"दोनों मैंने लगाए," मी म्हणाले.

आम्ही घरी आलो. मला रडू येत होतं. त्यांनी फ्रिजवरचा कागद काढला, घडी घालून खिशात ठेवला.

"दोन्ही तूच लावल्या म्हणून काहून सांगितलं?"

"मंग काय सांगू? पाटबंधाऱ्याच्या साहेबांनी लावली म्हणून?"

ते गुडघे धरत खाली कापूसजवळ बसले.

"लई लोक होते वं तिथं. सारे त्यालेच पाहून राहिले होते," ते म्हणाले. "मले भेव वाटलं."

मग त्यांनी कापूसचा डावा कान उलटून नीट पाहिला.

"इथली तं त्या परीक्षकानं पुसून टाकली. जा, डबी आण."