दाढीचं खरं कारण

धाकट्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं आणि सोमवारी भरदुपारी ताई आपला तपासणीचा कागद घेऊन त्याच्या सलूनमध्ये धडकली. ताई पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला होती. बोलणंही तिचं तसंच, एकदा शिवलं की उसवायचं नाव नाही.

झालं होतं असं, की महिन्यापूर्वी तिचा एक दात काढला आणि रक्त दोन दिवस थांबेना. दंतवैद्याची पाचावर धारण बसली. त्याने तिला रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. पूर्वी कधी जास्त रक्त गेलंय का, असं बाईंनी विचारलं, तर ताईने छातीठोकपणे 'नाही' म्हणून सांगितलं. खोटं नव्हती बोलत बिचारी. कागदाने बोट कापलं की अर्धा दिवस चिंधी बांधायची, पाळीचे आठ दिवस अंगात त्राण नसायचं, पण मावशीचे दहा दिवस चालायचे, म्हणजे आपलं ठीकच! या घरात मोजमापच मुळी मावशीचं. डॉक्टरीणबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि दोनदा रक्त तपासलं. रक्त गोठवणारं एक प्रथिन जन्मापासूनच कमी निघालं. हे रक्ताच्या नात्यात उतरतं, भावालाही असू शकतं, आधी कळलं तर औषध देऊन ऑपरेशन सुखरूप होतं, आणि न कळता सुरी लागली तर जिवावर बेतू शकतं, असं त्यांनी बजावलं.

आणि हे महाशय हॉस्पिटलच्या फॉर्मवर रक्तस्रावापुढे झोकात 'नाही' लिहून मोकळे झाले होते. गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकत त्याने ताईला ऐकवलं, की हे बायकांचं दुखणं, पुरुषाला कुठलं आलंय.

ताईने त्याला नीट न्याहाळलं. अख्ख्या गल्लीच्या दाढ्या करणारा हा गृहस्थ स्वतः छातीपर्यंत दाढी वाढवून होता. स्वतःच्या वस्तऱ्यावर याचाच भरवसा नाही, अशी गिऱ्हाइकं त्याची थट्टा करायची, आणि तो रुबाबात दाढी कुरवाळायचा.

"तू शेवटची दाढी कधी केलीस रे?" ताईने विचारलं.

तो उगाच कात्री शोधू लागला. गल्ल्यावर बसलेली भावजय मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "लग्नात," ती म्हणाली. "एकूण एक फोटोत हनुवटीला कापूस आहे. माझी आई म्हणाली, नवरदेव मारामारी करून आलाय की काय."

गिऱ्हाईक साबणाच्या फेसासकट हसलं. ताईला मात्र हसू येईना. "मला भीती वाटतेय रे," ती म्हणाली. तिला असं बोलताना त्याने कधी ऐकलं नव्हतं. निव्वळ तिच्या समाधानासाठी म्हणून का होईना, तो मंगळवारी रक्त द्यायला गेला. सुई काढल्यावर तिथला कापूस तीनदा बदलावा लागला, तेव्हा कुठे स्वारीचा चेहरा उतरला.

गुरुवारचं ऑपरेशन पुढे गेलं. चाचणीत तेच निघालं. पाठदुखीसाठी चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरीणबाईंनी बंद केल्या, कारण त्यांनीही रक्त जास्त वाहतं. तीन आठवड्यांनी, आधी औषध शिरेतून देऊन, पित्ताशय काढलं आणि रक्त जेमतेम गेलं. दुसऱ्या दिवशी स्वारी उशीला टेकून नर्सला केस कापून द्यायची आश्वासनं देत होती.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. घरात आणखी कोणाची तपासणी करायची, याची यादी त्यांना हवी होती. मावशीचं, ताईच्या मुलाचं नाव झालं. मग त्यांनी आईबद्दल विचारलं. ताईने सांगितलं, की आई धाकट्याच्या जन्मानंतर तासाभरात गेली, रक्त थांबलंच नाही.

"बहुतेक हाच आजार," बाई म्हणाल्या. "तेव्हा कोणाला कळला नसणार."

धाकटा बराच वेळ चादरीची घडी करत राहिला. "लहानपणी सगळे म्हणायचे," तो हळूच म्हणाला, "की जन्मल्या जन्मल्या मी आईला खाल्लं."

ताईला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. भांडण झालं की तीसुद्धा तेच म्हणायची. तिने त्याचा हात हातात घेतला आणि सुईच्या जागेवरचा कापूस दाबून धरला.