समोर दीपगृह, मागे अमावास्या

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि मला राग आला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळू आवाजात सांगावी, मधूनमधून उसासे टाकावेत, अशी रीत आहे हे मला ठाऊक आहे. पण माझ्यावर खोटा आळ घेतला गेला, तोही भर सभेत, सॉसेज खात खात. तेव्हा उसासे नंतर. आधी काय घडले ते ऐका.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथे एक बाई होती. ती प्रत्येक गाडीच्या टाकीवर बारीक ब्रशाने पांढरी रेघ ओढत असे. रेघ ओढताना ती श्वास रोखून धरी. तिचा हात माझ्या टाकीवरून एकदाच फिरला, पण आपल्याला कोणीतरी मन लावून घडवले आहे, एवढे समजायला मला ते पुरले.

मग जहाजातून मी नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, आल्टा गावी आले आणि गुन्वोरची झाले. गुन्वोर चर्चमधले नळ्यांचे मोठे ऑर्गन सुरात लावून देण्याचे काम करी. आमच्या मुलखात एका चर्चपासून दुसऱ्या चर्चपर्यंत जायचे म्हणजे उजाड पठारे ओलांडायची. वाटेत रेनडिअर भेटतील, पाऊस भेटेल, वारा तर भेटेलच भेटेल. पेट्रोलपंप मात्र भेटेलच असे नाही. रस्त्याकडेच्या बर्फाच्या भिंती वितळू लागल्या की आम्ही निघत असू आणि नवा बर्फ पडेपर्यंत फिरत असू.

शेजारणी तिला म्हणत, "अगं, एकटी बाईमाणूस तू. त्या माळावर गाडी बंद पडली तर काय करशील?"

"बंद का पडेल?" गुन्वोर म्हणे. "मी तिला विचारल्याशिवाय निघतच नाही."

तिचे विचारणे म्हणजे काय, ते सांगते. निघण्याआधी ती माझ्या चाकांतली हवा बघे, चेन बोटाने उचलून तिचा ढिलेपणा बघे, इंजिनातले तेल बघे. ब्रेक दाबून मागचा दिवा लागतो का हे भिंतीवर पडणाऱ्या लाल उजेडावरून ताडी. मग इंजिन चालू करून मान जराशी कलती करी आणि ऐकत राही. ज्या कानांनी ती शेकडो नळ्यांमधली एक बेसूर नळी हुडकायची, त्याच कानांनी ती माझा आवाज ऐके. मला तेव्हा फार बरे वाटे.

पेट्रोलचा तिचा एकच नियम होता. पंप दिसला की टाकी भरायची, मग ती अर्धी भरलेली असली तरी. "तहान लागल्यावर विहीर खणायला मी काही खुळी नाही," असे ती म्हणे. हिवाळ्याआधी ती कार्बोरेटर रिकामा करी, टाकी चांगल्या पेट्रोलने काठोकाठ भरून ठेवी आणि बॅटरी काढून स्वयंपाकघरात नेई. सबंध हिवाळा माझी बॅटरी तिच्या कॉफीच्या डब्याशेजारी ऊब घेत बसलेली असे.

माझा पहिला हेडलाइट जरा मंद होता. तिने तो बदलून चांगला बसवला, पण घराच्या भिंतीसमोर मला उभी करून त्याचा झोत खाली वळवून घेतला. ती म्हणाली, "दिवा आपल्याला दिसावं म्हणून असतो, तसा समोरच्याला आंधळं न करण्यासाठीही असतो." मित्रांनो, हे वाक्य मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे, कारण माझ्या दुसऱ्या मालकाच्या डोक्यात ते कधीच शिरले नाही.

गुन्वोरचे गुडघे थकले. तिने मला आपल्या भाच्याला दिले. त्याचे नाव आयलर्ट. तो स्वयंपाकघरातली कपाटे विकतो आणि बोलण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. गुन्वोर त्याला चेनबद्दल, तेलाबद्दल, पेट्रोलबद्दल सांगत होती. तो "हो मावशी, हो मावशी" म्हणत माझ्या आरशात आपला भांग नीट करत होता.

त्या हिवाळ्यात मी फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या लांबट खाडीच्या काठावर, होड्या ठेवायच्या शेडमध्ये पडून राहिले. खारा वारा फटींतून आत येई. टाकीत अर्धे पेट्रोल होते, तेही अल्कोहोल मिसळलेले. ताजे असेल तोवर त्याची तक्रार नसते. पण महिनोन्‌महिने तसेच ठेवले तर ते हवेतला ओलावा पिऊन घेते. मग पाणी तळाशी बसते आणि पत्रा आतून गंजू लागतो. बाहेरून पांढरी रेघ चकचकीत, आणि आत तांबडा चिखल. मी ओरडू शकत नव्हते. गंजही ओरडत नाही. तो आपला खात राहतो.

वसंतात आयलर्ट आला. मला वाटले, आता तरी टाकी धुवेल. त्याने काय आणले असेल? दिवे! खाणीतल्या ट्रकवरून उतरवलेले थाळ्याएवढे चार दिवे. शिवाय हाताला ऊब देणाऱ्या विजेच्या मुठी. माझ्या पोटात वीज तयार करणारे यंत्र केवढे, त्याच्यावर भार किती टाकतो आहोत, हा विचार त्याला शिवलाही नाही. फ्यूज न घालता त्याने सगळ्या वायरी थेट बॅटरीला जोडल्या. घरच्या चुलीवर चौघांचा स्वयंपाक होतो म्हणून कोणी सगळ्या गावाला जेवायला बोलावते का?

त्याची बायको इंग्फ्रिड शेडच्या दारात उभी होती. ती आल्टाच्या तरणतलावात मुलांना पोहायला शिकवते. तिचा आवाज खणखणीत आहे आणि नजर त्याहून खणखणीत.

"चेन बघितलीस का रे? ढकलली की कुरकुरतेय," ती म्हणाली.

"चेन कोण बघतं? दिवे बघतात लोक."

"आणि मागचा दिवा? तो लागत नाहीये."

"आपण पुढे जाणार आहोत, इंग्फ्रिड. मागे नाही." स्वतःच्याच विनोदावर तो हसला.

ऑगस्टच्या शेवटी त्यांच्या मोटारसायकल मंडळाचा मेळावा होता, वर नॉर्थ केप या भूशिराजवळच्या तंबूंच्या मैदानावर. दोघे माझ्यावर सामान लादून निघाले. ओल्डरफ्योर्डला पंपावर कॅराव्हॅनची रांग लागलेली होती.

इंग्फ्रिड म्हणाली, "थांबू या. पेट्रोल कमी असेल."

"रिझर्व्ह आहे ना! या रांगेत उभं राहिलो तर सॉसेज संपतील तिकडे."

रिझर्व्ह म्हणजे टाकीच्या तळाचे पेट्रोल. आणि माझ्या तळाशी काय बसले होते, ते तुम्हाला आता माहीत आहे. पंप मागे पडताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण हँडल त्याच्या हातात होते.

पोर्सांगर फ्योर्डच्या काठाने रस्ता जातो. एकीकडे पाणी, दुसरीकडे पाटीच्या दगडांसारखे थरांथरांचे कडे. पुढे एक जुना बोगदा आहे. अरुंद, वळणाचा, आतले दिवे मिणमिणते. त्या दिवशी आतल्या गारठ्याने तिथे धुके दाटले होते. चारी थाळे पेटवून आम्ही आत शिरलो. समोरून आलेला एक मोटारवाला त्या झोताने दिपून भिंतीकडे झुकला आणि हॉर्न वाजवत निघून गेला. "बघितलंस? घाबरतात!" आयलर्ट म्हणाला.

चढाला माझे वरचे पेट्रोल संपले. त्याने कॉक रिझर्व्हवर फिरवला. वर्षभराचा चिखल, पाणी, गंजाचे कण, सगळे एकदम माझ्या घशात आले. मी खोकले. दोनदा धडपडले. मग बंद पडले, वळण ओलांडताच, मागून येणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी.

तो स्टार्टरचे बटण दाबू लागला. दिवे सगळे चालू.

"आधी दिवे बंद कर! बॅटरी जाईल!" इंग्फ्रिड खाली उतरून ओरडली.

"दिवे बंद केले तर आपण दिसणार कसे?"

"अरे, मागून येणाऱ्याला तसेही आपण दिसतच नाही आहोत!"

त्याने बटण सोडले नाही. थाळे पिवळे झाले, तांबूस झाले, विझले. आता तो मला ढकलू लागला, पण सामानासकट मी चढावर काही सरकेना. तेवढ्यात मागून घरघर ऐकू आली. मोठी गाडी होती, आणि तिने खालून चढासाठी वेग घेतलेला होता.

इंग्फ्रिडने आपले पांढरे हेल्मेट काढले आणि ती पळाली. पुढे नाही, मागे. त्या आवाजाच्या दिशेने. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण तेव्हा मला भीती म्हणजे काय ते कळले. वळणापलीकडून तिचे ओरडणे येत होते, "थांबा! थांबा!" आणि मग ब्रेकचा लांबलचक चित्कार. तो संपता संपत नव्हता.

संपला. धुक्यातून ती चालत आली. तिच्यामागे मासे वाहून नेणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर होता, पिकल्या मिशांचा, हालगाइर नावाचा.

"बाई, तू नसतीस ना, तर मी थेट या गाडीवर आदळलो असतो," तो म्हणाला. मग त्याने हातातल्या टॉर्चचा झोत माझ्यावर टाकला. समोरचे चार थाळे पाहिले, मागचा मेलेला दिवा पाहिला. "वा रे गडी! समोर दीपगृह आणि मागे अमावास्या! कुणाला दाखवायला लावलेत हे? माशांना?"

हालगाइरने आपला ट्रक धोक्याचे दिवे लावून मागे उभा ठेवला आणि तिघांनी मिळून मला ढकलत बाहेर काढले. बाहेर स्वच्छ ऊन पडले होते. हालगाइर निघून गेला. तो दिसेनासा झाल्यावर आयलर्टने माझ्या चाकाला लाथ घातली आणि म्हणाला, "भंगार!"

मंडळाच्या एका माणसाने मला ट्रेलरवर घालून मैदानावर नेले. सगळे शेगडीभोवती बसले होते. बटाट्याच्या पोळीत गुंडाळलेली सॉसेज फिरत होती, कॉफी उकळत होती. मी ट्रेलरवर दोरांनी बांधलेली, पण कान उघडे. आणि आयलर्ट गोष्ट सांगू लागला.

"काही सूचना न देता, मंडळी! ऐन बोगद्यात म्हातारीने दगा दिला. पण मी डोकं शांत ठेवलं. ट्रकचा आवाज ऐकला आणि इंग्फ्रिडला म्हटलं, तू मागे जा, मी गाडी सांभाळतो. जुन्या गाडीवर कधी विश्वास टाकू नये, हेच खरं."

सूचना न देता! चेन कुरकुरली ती काय गाणे म्हणत होती? वसंतापासून मी सकाळी सुरू होताना खोकत होते, ते काय हौसेने? माझ्या अंगात ठिणगी असती तर मी तिथेच भडकले असते.

मंडळाची अध्यक्ष एक पांढऱ्या वेणीची बाई आहे. वर्षात रस्त्यावर ज्याने सगळ्यात भले काम केले, त्याला ती लाकडात कोरलेला एक रेनडिअर देते. लोक आयलर्टकडे बोट दाखवू लागले. त्यानेही मान खाली घालून लाजल्यासारखे केले. बाई रेनडिअर घेऊन उठली.

तशी इंग्फ्रिड उभी राहिली.

"एक मिनिट. मला मागे कुणी पाठवलं नव्हतं," ती म्हणाली. तरणतलावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा असा तो आवाज. "हा बटण दाबत बसला होता. आणि गाडीने दगा दिला म्हणे! टाकी धुतली नाही कुणी? पंप दिसत असताना पुढे गेलं कोण? मागचा दिवा बंद आहे, हे मी सांगितलं तेव्हा हसलं कोण? गाडीने नाही दगा दिला, आयलर्ट. गाडीला दगा दिलाय. आणि तिच्याबरोबर मलाही."

आयलर्टचे कान लालभडक झाले.

अध्यक्षबाई म्हणाली, "मग हा रेनडिअर तुझाच, इंग्फ्रिड."

"नको. तो त्या ट्रकवाल्याला पाठवा. माझं नुसतं ओरडणं होतं. थांबले ते त्याचे ब्रेक. त्याने ते वेळच्या वेळी बघून घेतले होते, म्हणून मी इथे उभी आहे."

परतल्यावर इंग्फ्रिडने मला गुन्वोरच्या दारात नेले. आयलर्टलाही यावे लागले. गुन्वोरने खुर्चीत बसून टाकी उतरवायला लावली आणि जुन्या परातीत ओतायला सांगितली. तांबडे, घाण पाणी परातीत पसरले. तिने त्यात बोट बुडवून गंजाचे कण आयलर्टसमोर धरले.

"म्हातारी झाली म्हणून बंद पडली म्हणतोस?" ती म्हणाली. "मी हिच्याहून म्हातारी आहे. मला वर्षभर हे पाणी पाजून बघ, आणि मग सांग मी किती चालते ते."

"चुकलं मावशी," आयलर्ट पुटपुटला.

"मला नको सांगूस. फडकं घे."

आता माझी टाकी स्वच्छ आहे. थाळे उतरले. त्यांच्या जागी दोन लहानसे, कमी वीज खाणारे दिवे बसले, फ्यूज घालून, झोत खाली वळवून. मागे तर इतका लाल उजेड पडतो की विचारू नका. इंग्फ्रिडने परवाना काढला. ती चालवते, आयलर्ट मागे बसतो. कोणी भेटले की तो सांगतो, "मी हिला पुन्हा उभी केली." सांगू दे! त्याच्या नखांत आता काळे तेल असते, म्हणून मी थोडे ऐकून घेते. सगळे नाही.

मित्रांनो, आम्हाला तुमची भाषा येत नाही. आम्ही कुरकुरतो, खोकतो, गरम होतो, ठिबकतो. हेच आमचे बोलणे. ते तुम्ही ऐकले नाही, तर पुढचे बोलणे एखाद्या वळणावर होते, आणि तिथे ते तुमच्या जिवलगांना ऐकावे लागते. म्हणून माझी विनवणी आहे. विनवणी कसली, हक्काचे मागणे आहे. दागिने घालण्याआधी आम्हाला जेवू घाला. आणि कोणी छाती फुगवून सांगू लागला की गाडी अचानक बंद पडली, तर मान डोलवू नका. त्याच्या डोळ्यांत बघा आणि विचारा, "शेवटची कधी बघितली होतीस?"