उष्ट्याचा आळ

मी मिहीरचा पेला बोलतोय. साधा स्टीलचा, काठाला एक पोचा पडलेला. पोटावर अक्षरं कोरलेली आहेत, 'चि. मिहीर यास, आजोबांकडून'. बोलायची मला सवय नाही. भांड्याला भांडं लागलं की होतो, तेवढाच आमचा आवाज. पण माझ्यावर एक आळ आला आणि सगळं घर गोंधळलं. त्या गोंधळातून मी अजून बाहेर आलेलो नाही.

सांगलीच्या बाजारात आप्पासाहेबांनी नातवाच्या बारशासाठी मला घेतलं. दुकानदारानं घर्रघर्र करणाऱ्या सुईनं नाव कोरलं. चांगलंच दुखलं, पण त्या दिवसापासून मी कुणाचा तरी झालो. मिहीरला दात आले ते माझा काठ चावत, आणि पोचाही त्यानंच आपटून पाडला.

पुढे त्याच्या बाबांची, सदाशिवरावांची, विमा कंपनीतून जयपूरला बदली झाली. इथं येऊन मिहीरच्या मराठीत 'मतलब' आणि 'भैया' शिरले, पण पेला मीच राहिलो. त्याची आई कुसुमताई उष्ट्याच्या बाबतीत फार कडक. ज्याचा पेला त्यानंच तोंड लावायचं, हा तिचा कायदा. साबणाच्या जाहिराती बदलल्या, कायदा बदलला नाही.

मिहीर बावीस वर्षांचा झाला, गोपालपुऱ्यात सी.ए.च्या क्लासला जाऊ लागला. तिथं त्याला हेमराज भेटला. जयपूरजवळच्या चाकसू गावचा मुलगा, हॉस्टेलवर राहणारा. तो रविवारी घरी जेवायला यायचा. आपलं वरण त्याला गुळचट लागायचं, तरी "आंटीजी, बढ़िया है" म्हणत दुसऱ्यांदा घ्यायचा. मिहीर त्याला माझ्यातूनच पाणी द्यायचा. तो मान मागे टाकायचा, मला उंच धरायचा आणि वरून धार सोडायचा. लहानपणापासूनची त्याच्या घरची रीत ती. इतक्या रविवारांत त्याचे ओठ मला एकदाही लागले नाहीत. एवढं ध्यानात ठेवा.

सन २००९, होळी नुकतीच होऊन गेली होती. मिहीरच्या टाळूला मागच्या बाजूला काहीतरी खडबडीत लागायला लागलं. आरशात पाहिलं तर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा बारीक पांढरा मस. कुसुमताई त्याला घेऊन डॉक्टर रत्नप्रभाबाईंकडे गेली. बाई कान-नाक-घशाच्या, मराठी मंडळातल्या ओळखीच्या. बाहेरचं पाणी कुसुमताईला चालत नाही, म्हणून पिशवीत बाटली आणि मी.

बाईंनी तोंड तपासलं आणि म्हणाल्या, "कुसुमताई, तुम्ही जरा बाहेर बसा." ती बाहेर गेली. पिशवी खुर्चीवरच राहिली, त्यामुळे मी सगळं ऐकलं. कळलं मात्र निम्मंच.

"सिगारेट ओढतोस?"

"कधी कधी. क्लासच्या बाहेर, चहाबरोबर."

"मैत्रीण आहे? चुंबन, तोंडानं केलेला शरीरसंबंध? लाजू नकोस, हे मी सगळ्यांना विचारते."

मिहीरनं आधी दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग म्हणाला, "हो. मतलब, आता नाही. आधी होती. तिच्याआधी अजून एक."

"हा एचपीव्ही नावाचा विषाणू. त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. असे मस बहुधा साध्या प्रकारांचे असतात, तरी काढून तपासायला पाठवू. बहुतेकांच्या तोंडातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. काही थोड्या प्रकारांनी मात्र, ते मुक्काम ठोकून बसले तर, पुष्कळ वर्षांनी घशाचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून सिगारेट बंद. जोडीदार वाढले की धोका वाढतो, तेही लक्षात ठेव. कुणाकडून आला, कधी आला, ते शोधत बसू नकोस. सांगता येत नाही."

"ग्लासमधून येतो का?"

"तसं सिद्ध झालेलं नाही. या विषाणूचं अजून पुष्कळ आम्हालाही कळायचंय."

"आईला काय सांगू?"

"ते तू ठरव. मी सांगणार नाही."

रिक्षात कुसुमताईनं विचारलंच. मिहीर बाहेर बघत म्हणाला, "व्हायरस आहे, आई. एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जातो." खोटं बोलला नाही, पण खरंही अर्ध्यावर सोडलं. उरलेलं अर्धं कुसुमताईनं आपल्या कायद्यानं भरून काढलं.

"उष्टं," ती म्हणाली. "त्या चाकसूच्या पोराला तू आपला पेला देतोस. किती वेळा सांगितलं."

मिहीर रिक्षावाल्याला वळण सांगू लागला. पिशवीत मी गारठलो.

घरी आल्या आल्या मला सोड्याच्या पाण्यात उकळलं. मग बाल्कनीत, फिनेलच्या बाटलीशेजारी नेऊन ठेवलं. मी तिथं बसून विचार करायचो. खरंच माझ्यामुळे झालं असेल का? डॉक्टरीणबाईंनाही सगळं ठाऊक नाही म्हणतात, मग माझी काय कथा? पण हेमराजचं काय? त्याचा तर ओठही लागला नव्हता. मग तो कसा दोषी? माझं डोकं चालेना, आणि आमच्यात डोक्याच्या जागी पोकळीच असते.

शीतलाअष्टमीला हेमराज आला. गावच्या जत्रेहून बासोड्याची बाजरीची राबडी आणि गोड पुए घेऊन. आदल्या दिवशी रांधून देवीला दाखवलेलं थंड अन्न. बाल्कनीतून मला दार दिसत होतं. कुसुमताईनं डबा घेतला नाही. प्लास्टिकच्या कपात पाणी दिलं आणि हिंदीत म्हणाली, "बेटा, कुछ दिन मत आना. मिहीर को इन्फेक्शन है, जूठा पीने से हुआ है."

"पर आंटीजी, मैं तो ऊपर से..."

त्यानं मिहीरकडे पाहिलं. मिहीर जमिनीकडे बघत होता. कप तसाच कट्ट्यावर ठेवून हेमराज गेला.

मस काढला. रिपोर्ट चांगला आला. कुसुमताईनं देवापुढे साखर ठेवली आणि सांगलीच्या बहिणीला फोन लावला, "परक्या पोराच्या उष्ट्यानं झालं गं सगळं."

मिहीर ते ऐकून उठला. बाल्कनीतून मला आणलं, घासलं, भरलं आणि आईसमोर ठेवलं. "आई, हेमराज पाणी कसा प्यायचा, आठव."

कुसुमताईनं फोन ठेवला. तिचा हात आपोआप वर गेला, पेला उंच धरल्यासारखा, आणि तिथंच थांबला.

"त्याचं उष्टं नव्हतंच," मिहीर म्हणाला. "एक मुलगी होती. मतलब, दोघी. त्यांच्याशी जे झालं, त्यातून आलंय. मला लाज वाटली, म्हणून त्याच्यावर आळ येऊ दिला."

कुसुमताई रडली नाही, रागावलीही नाही. बराच वेळ ती माझ्यावरची अक्षरं पदरानं पुसत बसली. मग म्हणाली, "रविवारी बोलव त्याला."

हेमराज आला. पूर्वीसारखाच पाया पडला. कुसुमताईनं पुरण घातलं होतं. मला चकचकीत घासून, काठोकाठ भरून तिनं स्वतः त्याच्या ताटाशी ठेवलं. तो जेवला, "बढ़िया है, आंटीजी" म्हणाला. मग ठसका लागला, तेव्हा त्यानं पिशवीतून स्वतःची बाटली काढली.

"पानी मैं साथ लाया हूँ," तो हसून म्हणाला, आणि मान मागे टाकून वरूनच प्यायला.

कुसुमताईनं त्याच्या ताटात अजून एक पोळी वाढली. तुमच्या घरी असं काही झालं, तर भांडी नंतर उकळा, आधी पोराला जवळ बसवून विचारा. एवढंच मला समजलंय. बाकीचं कुणाला समजलं असेल, तर मला येऊन सांगा. मी त्या ताटाशेजारी अजून भरलेलाच आहे.