शेवटच्या देवळाची पायरी

"दर्शन झालं बाई, टेकू पायरीशी घडी
देव आत, मी बाहेर, दोघांना उसंत थोडी"

आई हे गुणगुणत देवळाबाहेर बसायची आणि माझा फ्रॉक धरून मलाही खाली ओढायची. "दर्शन घेऊन तशीच पळू नये गं. टेकावं." कऱ्हाड सुटलं, आई गेली, आवाज तेवढा सातासमुद्रापार, अमेरिकेत वेस्ट विंडसरपर्यंत माझ्याबरोबर आला.

आमच्या ह्यांच्यापर्यंत मात्र तो पोचला नाही. चंद्रशेखर निवृत्त इंजिनिअर. देवसुद्धा त्यांना डेडलाइनसकट दिसतो. क्योटोतला आमचा एक दिवस त्यांनी एक्सेलमध्ये मांडला होता. आठ देवळं, तीन बागा, आणि मध्ये एका चौकटीत 'शांतता: दहा मिनिटं'. ती ट्रॅफिकमुळे कॅन्सल झाली.

आज त्या दिवसाचे फोटो आमच्या टीव्हीवर चालू होते. समोर आमचे इथले मित्र सुमंत आणि सुचित्रा, हातात मिसळ.

"हे सोन्याचं देऊळ. तळं, रिफ्लेक्शन, सगळं कव्हर केलं."

"आत काय होतं?" सुचित्राने विचारलं.

"आत सोडतच नाहीत. केवढा टाइम वाचला!"

पुढे पांढऱ्या खडीची बाग आली. "यात पंधरा दगड आहेत, पण एका जागेवरून सगळे कधीच दिसत नाहीत म्हणे. मी दोन कोपऱ्यांतून फोटो काढून जोडले. मोजा, पंधरा!"

कुणा साधूने शतकांपूर्वी घातलेलं कोडं आमच्या ह्यांनी असं हातासरशी मिटवलं होतं.

मग लाकडी पायऱ्यांचं एक लहानसं देऊळ आलं. माझा हात रश्श्याच्या डावावर थांबला.

"आणि इथे आमच्या बाईसाहेब हरवल्या!"

"सांग ना शेखर, परत सांग," सुचित्रा सरसावून बसली.

"टॅक्सी उभी, शेवटची बाग बाकी, आणि ही गायब! हाका मारून घसा बसला माझा. सापडली कुठे, तर मागच्या पायरीवर, बावरलेली. परक्या देशात होतं असं." त्यांनी प्रेमाने माझा खांदा थोपटला. वर्षभर मित्रमंडळींच्या प्रत्येक पॉटलक जेवणाला ही गोष्ट होते आणि मी हसून वाढत राहते.

बावरलेली! मेपलची पानं एकेक करून खडीवर उतरत होती. आतल्या देवाचं नावही मला ठाऊक नव्हतं, त्यालाही माझं नसावं. आणि कितीतरी वर्षांनी आईची ओवी दोन्ही ओळींसकट ऐकू आली होती.

"सुलभावहिनींना आता घंटा बांध यार," सुमंत म्हणाला.

"बांधली!" ह्यांनी खिशातून बटणाएवढा ट्रॅकर काढला. "पुढच्या महिन्यात कंबोडिया, चार दिवसांत चाळीस देवळं. हा हिच्या पर्समध्ये. कुठे थांबली की माझा फोन वाजणार. सुलभा, पासपोर्ट आण गं, आत्ताच बुकिंग करून टाकू."

म्हणजे यापुढे मी पायरीवर टेकले की ह्यांच्या खिशात घंटा. आईला बसायलाही जागा उरणार नव्हती.

मी डाव ठेवला.

"पासपोर्ट राहू द्या. आणि अहो, ती गोष्टही आता पुरे. मी हरवले नव्हते."

"अगं, मग मी एवढ्या हाका मारत होतो त्या..."

"सगळ्या ऐकू येत होत्या. मला ओ द्यायची नव्हती."