मनुबाई होडीत बसल्या तो दिवस

मी बोलतेय, कृष्णाकाठच्या एका गोठ्यात म्हशीशेजारी चार वर्षं काढलेली फायबरची होडी. म्हैस निवांत रवंथ करते, मला मात्र घडीभर चैन पडत नाही.

मिरजेच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. पलटणीतून रिटायर झालेले सुभेदार नानासो मला ट्रॉलीत घालून घरी घेऊन आले. महापुरात ते बायकोसह दोन दिवस गच्चीवर अडकले होते. सुटकेची नाव आली, पण मनुबाईंनी तिच्यात पाय ठेवला नाही आणि त्यांच्यासाठी नानासोही मागे राहिले. नशिबानं पाणी उतरलं. पुढच्या वेळी उतरेलच असं नाही, म्हणून बायकोची भीती मोडायला ही घरची होडी.

मनुबाई मला झाडून काढत, पण आत बसायचं नाव नाही. "म्हस चढंल, मी न्हाई," हे ठरलेलं उत्तर. मी चिडायची. माझा उपयोग व्हायचा तर गावावर संकट यायला हवं, हा विचार टोचायचा, तरी पाण्याची ओढ सुटायची नाही.

या वैशाखात नानासोंनी मला टेम्पोत घालून दाभोळच्या खाडीवर नेलं. समुद्र बघायला म्हणून मनुबाईही आल्या. मला पाण्यापासून लांब, वाळूवर ठेवलं.

"आता तरी बस की. खाली वाळू हाय."

"वाळूवर व्हय? मग बसते," म्हणत मनुबाईंनी माझ्यात बसून भाकरीचं फडकं सोडलं. दोर कुणीच बांधला नाही. नदीकाठच्या माणसांचा हिशेब सरळ: आभाळ निरभ्र, मग पाणी चढेलच कसं? भरती अशी गुपचूप येते, हे सुभेदारांना कुणी शिकवलं नव्हतं.

ते सरबत आणायला टपरीवर गेले आणि माझ्या पोटाखाली पाणी शिरलं. खोटं कशाला बोलू, मी हरखले. मग मनुबाईंचा चेहरा पाहिला आणि लाज वाटली.

"आवं, ही हालतिया! पळा!"

नानासो धावले. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं. मी वाहतच होते, थांबणं माझ्या हातात नव्हतं. एकाएकी त्यांचा पाय सुटला, नाकातोंडात खारं पाणी गेलं. मनुबाई किंचाळल्या नाहीत. त्यांनी माझा दोर भिरकावला.

"धरा! आदी वर या, मग खोका!"

माझ्या कडेला पाय रोवून त्यांनी नवऱ्याला आत ओढून घेतलं. बराच वेळ दोघंही धापा टाकत होती.

"चल, काठाला लावतो," नानासो म्हणाले.

"काठाला कशाला? समुद्र कुठाय त्यो दावा आदी!"

नानासोंनी माझ्या मागच्या टोकाला बसवलेलं मशीन सुरू केलं. खाडीच्या तोंडापर्यंत मनुबाई माझी कडा घट्ट धरून बसल्या होत्या, पण बसल्या होत्या.

आज मी पुन्हा गोठ्यात आहे. पावसाची झड लागलीय, नदी वाढल्याचे फोन येतायत. सकाळी मनुबाईंनी माझ्यात जाड चादर अंथरली आणि नानासोंना बजावलं, "येळ आली तर पयली मी बसणार. तुमी मागं ऱ्हाऊ नका."

कृष्णामाई, मी तयार आहे. तरी तू येऊ नकोस.